विश्वास संपादन करून

सायबर ठाणे, धुळे. दुपारचे तीन.
पंखा फिरतो तो फक्त फायलींसाठी.
मंजाबाई सुपडू बागूल, वय अठ्ठावन्न, राहणार सोनगीर,
धंदा... इथे मी थांबले.
"शाळेत खिचडी शिजवते," त्या म्हणाल्या,
"पोरं एकशे बारा. शनिवारी जरा कमी."
मी टंकलं: मानधन तत्त्वावर स्वयंपाकी.

घटना सोमवारची, तक्रार गुरुवारची.
मधले तीन दिवस कुठे होतात?
लगेच एकोणीसशे तीसला फोन केला असता
तर पैसा वाटेत कुठेतरी अडवता आला असता,
हे मी दिवसातून वीसदा सांगते
पाढा म्हटल्यासारखं, वर न बघता.

"लाज वाटली, ताई.
चोर घरात शिरता तर बोंब मारली असती.
ह्याला तर मीच आकडे वाचून दाखवले,
चष्मा लावून, एकेक,
चुकू नयेत म्हणून."

मी लिहिलं: सदर अज्ञात इसमाने फिर्यादीचा
विश्वास संपादन करून ओटीपी प्राप्त केला व
रुपये एक्केचाळीस हजार तीनशे मात्रची फसवणूक केली.
विश्वास संपादन करून.
नऊ वर्षं लिहिते आहे हे तीन शब्द.
कसा करतात संपादन, कधी विचारलं नव्हतं.

आज विचारलं.

पदराच्या टोकाशी बोलावं तशा त्या बोलल्या
आणि बोलता बोलता मराठी सुटली, अहिराणी आली:
"तो पहिले बँकनं काईच बोलना नई.
म्हने, मावशी, जेवनी का?
आपलाच बोलीमा.
सतरा वरीस व्हयनात चूल्हापुढे.
सायेब येतस, खिचडीनी चव घेतस नि जातस.
कोनीच इचारं नई.
मंग मी त्याले नंबर सांगी दिना."

मी मूळची अमळनेरकडची.
ठाण्यात अहिराणी बोलत नाही, वर्दीला शोभत नाही म्हणतात.
कोण म्हणतं ते आठवत नाही.

फॉर्मात रकाने भरपूर:
मोबाइल क्रमांक, व्यवहार क्रमांक, लिंक, स्क्रीनशॉट.
संशयिताचं वर्णन.
अज्ञात, असं लिहायचं.
पण 'जेवनी'तला तो ओढलेला 'नी'
पांझरेचं नाहीतर बोरीचं पाणी प्यालेला असणार.
त्यालाही कुणी विचारलं असेल हेच,
उंबऱ्यात ताट घेऊन, तो उशिरा आला त्या रात्री.
किंवा दूर कुठल्या खोलीत बसून
कागदावरून वाचायला शिकला असेल.
ते जास्त वाईट.

पोर्टलवर एक ओळ हलली.
सहा हजार दोनशे बारा रुपये
कुठल्याशा खात्यात गोठवलेले सापडले.
बाकीचे चार बँकांतून चार गावांना गेले.
मी पोच काढून दिली, तिच्यावर लांबलचक क्रमांक.
"हा कुणाला वाचून दाखवायचा नाही," म्हणाले,
आणि आम्ही दोघी हसलो, उगाच.

त्यांनी पोच चार घड्या करून चष्म्याच्या घरात ठेवली.
टेबलाखालचा माझा डबा दिसला असावा,
कळण्याची भाकरी, फडक्याची गाठ सकाळचीच.
दारातून वळल्या.
"ताई, तू जेवनी का?"

क्षणभर मी सावध झाले.
मी. त्यांच्यापुढे.

मग म्हणाले, "नई वं मावशी. आते जेवसू."
किती दिवसांनी आला होता तो शब्द तोंडात,
खडा लागावा तसा आला.

तोवर पुढचा येऊन बसला होता.
वय चोवीस, शिरपूर, नोकरीची जाहिरात,
नोंदणी फी तीन हप्त्यांत.
मी नवा फॉर्म उघडला.
विश्वास संपादन करून
आता आपोआप येतं,
पहिली दोन अक्षरं टाकली की.